पेशीतली ऑटोफॅजी आणि आत शिरलेले जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, संसर्गाचे प्रयोग नव्याने सुरू करणारे संशोधक आणि उपवासाबद्दल काहीतरी वाचून कुतूहल वाटलेले वाचक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे प्रश्न आधी आहेत, प्रयोगाचे नंतर आणि अडचणीचे शेवटी. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑटोफॅजी म्हणजे नेमकं काय?

पेशीने स्वतःचाच काही भाग पचवून त्याचा कच्चा माल पुन्हा वापरणं म्हणजे ऑटोफॅजी. मराठीत स्वभक्षण. पेशीद्रवात आधी वाटीसारखं एक दुहेरी पटल तयार होतं. त्याच्या कडा वाढत जातात, बिघडलेलं मायटोकाँड्रिया किंवा प्रथिनांची गुठळी आत घेतात आणि मिटतात. ही बंद पिशवी म्हणजे ऑटोफॅगोसोम, व्यास साधारण अर्धा ते दीड मायक्रोमीटर. ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, मिळाली की आतलं सगळं आम्लात आणि विकरांत विरघळतं.

हा शब्द १९६३ साली क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी रूढ केला. ऑटोफॅजीमागची जनुकं मात्र १९९०च्या दशकात योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये शोधली आणि त्या कामाला २०१६चं नोबेल मिळालं. एटीजी५, एटीजी७ अशी जी नावं पुढे येतील, ती याच जनुकांची आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांची.

२. हे तर घरातली साफसफाई झाली. यात जिवाणू कुठून आले?

पेशीद्रवात मोकळा फिरणारा जिवाणू हाही पेशीच्या दृष्टीने तिथे नको असलेला माल आहे. जिवाणूला घेरणाऱ्या ऑटोफॅजीला झेनोफॅजी म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रिकेट्सिया अशा पिशव्यांत १९८४ सालीच दिसले होते, पण ठोस पुरावा २००४ साली आला. जपानमध्ये तामोत्सु योशिमोरी यांच्या गटाने दाखवलं की गट-अ स्ट्रेप्टोकोकस पेशीद्रवात उतरले की मोठ्या ऑटोफॅगोसोममध्ये कोंडले जातात आणि मरतात. एटीजी५ नसलेल्या पेशींत तेच जिवाणू जगतात. त्याच वर्षी अमेरिकेत वोयो डेरेटिच यांच्या गटाने मॅक्रोफेज (जिवाणू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) उपाशी ठेवून किंवा त्यांना ऑटोफॅजी वाढवणारं रापामायसिन हे औषध देऊन क्षयाच्या जिवाणूंचं आणि बीसीजी या लशीतल्या दुबळ्या जिवाणूंचं जगणं कमी करून दाखवलं.

३. मॅक्रोफेज जिवाणू गिळतो तीही ऑटोफॅजीच ना?

नाही. ते फॅगोसायटोसिस. तिथे जिवाणू बाहेरून आत येतो आणि त्याच्याभोवती पेशीच्या बाह्यपटलाचं एकच आवरण असतं. झेनोफॅजीत जिवाणू आधीच आत असतो आणि त्याच्याभोवती नवं दुहेरी पटल बांधलं जातं.

गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकाराने. काही वेळा गिळलेल्या जिवाणूच्या एकेरी पटलावरच एलसी३ हे ऑटोफॅजीचं ओळखप्रथिन चिकटतं. याला एलसी३-सहचारी फॅगोसायटोसिस म्हणू. एलसी३ला हिरवी चमकणारी खूण जोडली तर सूक्ष्मदर्शकाखाली ते झेनोफॅजीसारखंच हिरवं कडं दिसतं, पण त्याची यंत्रणा वेगळी आहे. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे ते प्रश्न १३ मध्ये.

४. पेशीला कसं कळतं की आत कोणी शिरलंय?

साल्मोनेला टायफिम्युरियमचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्यावर सर्वात बारकाईने काम झालंय. तो आतड्याच्या पेशीत एका रिक्तिकेत, म्हणजे पटलाच्या पिशवीत, बसून येतो. काही जिवाणूंची रिक्तिका पहिल्या तासाभरात फाटते. रिक्तिकेच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्या असतात. पेशीद्रवाला त्या एरवी कधीच दिसत नाहीत, पण पटल फाटलं की उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ त्यांना धरतं आणि एनडीपी५२ नावाचं जोडप्रथिन बोलावतं. हा धोक्याचा पहिला इशारा. त्यात जिवाणूची ओळख पटलेली नसते, फक्त ‘इथे पटल फुटलंय’ एवढंच कळतं.

दुसरा इशारा जिवाणूच्या अंगावरच लागतो. पेशी त्याला युबिक्विटिन या छोट्या खूणप्रथिनाचा लेप देते. ही खूण प्रथिनांवरच लागते असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०२१ साली दिसलं की आरएनएफ२१३ हे विकर साल्मोनेलाच्या बाह्यपटलातल्या लायपोपॉलिसॅकराइडवर, म्हणजे प्रथिन नसलेल्या रेणूवर, थेट युबिक्विटिन बसवतं. त्या लेपाला पी६२, ऑप्टिन्युरिन आणि पुन्हा एनडीपी५२ पकडतात. या प्रथिनांचं एक टोक युबिक्विटिनला आणि दुसरं एलसी३ला धरतं, त्यामुळे वाढतं पटल जिवाणूला घट्ट लपेटून बसतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हीला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) संसर्गानंतर एका तासाने आतल्या जिवाणूंपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच एलसी३ने वेढलेला दिसतो. बाकीचे अखंड रिक्तिकेत असतात किंवा सुटलेले असतात. सगळ्यांभोवती कडं दिसत नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका.

५. मग जिवाणू यावर काहीच करत नाहीत का?

करतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शिगेलाच्या पृष्ठभागावरचं व्हीआयआरजी प्रथिन एटीजी५ला चिकटतं, म्हणून तो सापडू शकतो. पण तो आयसीएसबी नावाचं दुसरं प्रथिन सोडून तीच जागा झाकून टाकतो. लिस्टेरिया आपल्या अंगावर पेशीचंच अ‍ॅक्टिन यंत्र ओढून घेतो, त्यामुळे त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लागत नाही. साल्मोनेलाचं एसओपीएफ प्रथिन रिक्तिकेवरच्या प्रोटॉन पंपाला, एलसी३ पटलाला जोडणारं एटीजी१६एल१ बोलावूच देत नाही.

सर्वात पक्का बंदोबस्त लेजिओनेलाचा. त्याचं आरएव्हीझेड हे विकर पटलावरून एलसी३ कापून काढतं. पेशीचं स्वतःचं एटीजी४ही एलसी३ कापतं, पण ते शेवटचं ग्लायसिन शाबूत ठेवतं आणि तो रेणू पुन्हा वापरता येतो. आरएव्हीझेड ग्लायसिनच्या अलीकडे कापतं. ग्लायसिन पटलावर राहतं आणि सुटलेल्या एलसी३ला पटलाला जोडून घ्यायला टोकच उरत नाही.

६. काही जिवाणूंना ऑटोफॅजी उलट फायद्याची असते, हे खरं का?

खरं आहे. क्यू-तापाचा कॉक्सिएला ज्या मोठ्या रिक्तिकेत वाढतो तिच्यावर एलसी३ असतं. पेशी उपाशी ठेवली तर ती रिक्तिका लवकर मोठी होते. ब्रुसेला शेवटच्या टप्प्यात ऑटोफॅजीचं सुरुवातीचं यंत्र वापरतो आणि दुसऱ्या पेशीत जातो. स्टॅफिलोकोकस ऑरियस काही पेशींत ऑटोफॅगोसोमचं लायसोसोमशी मिलन रोखतो आणि त्याच पिशवीत वाढतो. त्यामुळे ‘ऑटोफॅजी वाढवा, संसर्ग घटेल’ हे सूत्र सरसकट लावता येत नाही.

७. उपवासाने ऑटोफॅजी वाढते असं वाचलं. घरात क्षयाचा रुग्ण आहे. त्यांनी एकादशी, सोमवार असे उपवास केले तर जिवाणू लवकर मरतील का?

नाही. क्षयाच्या रुग्णाने औषधं चालू असताना मुद्दाम उपाशी राहू नये. प्रयोगशाळेत मॅक्रोफेजचं पोषकद्रव्य काही तास काढून घेणं आणि माणसाने दिवसभर न जेवणं या एकसारख्या गोष्टी नाहीत. माणसात कुपोषण हेच क्षयाचा धोका वाढवणारं मोठं कारण आहे.

याचा थेट पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरातल्या माणसांना सहा महिने जादा धान्य दिलं गेलं. प्रत्येक प्रौढाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या. त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या घरात रुग्ण असेल तर डाळ-भाताचं ताट आणि एकही दिवस न चुकवता घेतलेली औषधं हेच करायचं आहे. व्रत मोडायला मन धजत नसेल तर डॉक्टरांशी बोला, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

रापामायसिन मागणाऱ्यांनाही हेच उत्तर. ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात. क्षयावर स्वतःहून घ्यायची ती गोळी नव्हे.

८. जेंटामायसिन या प्रतिजैविकाची चाचणी कशी करायची? प्रमाणं सांगा.

पेशीबाहेरचे जिवाणू मारून फक्त आतले मोजणं, हे या चाचणीचं काम. जेंटामायसिन पेशीपटलातून सहज आत जात नाही, त्यामुळे आतले वाचतात. हीला पेशी आणि साल्मोनेला टायफिम्युरियम यांच्यासाठी ती अशी करा.

आदल्या दिवशी २४ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात ५०,००० पेशी, प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात. त्याच रात्री जिवाणू एलबी या पोषक द्रवात ३७ अंशांवर हलवत ठेवा. सकाळी ते ताज्या एलबीत ३३ पट पातळ करून आणखी साडेतीन तास वाढवा. ही पायरी गाळू नका, कारण पेशीत घुसण्याची यंत्रणा याच टप्प्यावर जोरात असते आणि रात्रभर शिळे झालेले जिवाणू फारसे घुसत नाहीत. मग १ मिली घेऊन २ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, पीबीएस या क्षारद्रावणात मिसळा आणि एका पेशीमागे साधारण १०० जिवाणू या हिशोबाने १० मिनिटं ठेवा. पीबीएसने तीनदा धुवा. २० मिनिटं साधं माध्यम घाला, मग १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली जेंटामायसिन संसर्ग सुरू केल्यापासून दीड तास होईपर्यंत आणि पुढे १० मायक्रोग्रॅम.

हा डोस नंतर का उतरवायचा? पेशी आजूबाजूचा द्रव थोडाथोडा पीत असते. विशेषतः मॅक्रोफेजमध्ये जास्त डोस तासन्‌तास ठेवला तर औषध आतही साचतं आणि तुम्ही मोजायला ठेवलेले जिवाणूच मरतात.

ठरलेल्या वेळी पुन्हा धुवा, ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या अर्धा मिली पीबीएसमध्ये ५ ते १० मिनिटं ठेवून पेशी फोडा, दहा-दहा पट पातळ करत जा आणि प्रत्येक पातळीचे १०० मायक्रोलिटर आगारवर पसरा. शंभर पट पातळीच्या प्लेटवर ८४ वसाहती आल्या तर मिलीमागे ८४,००० आणि अर्धा मिलीच्या खळग्यात ४२,००० जिवाणू. ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट मोजा.

९. आकडे दरवेळी वेगळे येतात, कधी वसाहतीच नाहीत. कुठे चुकतंय?

आधी माध्यम तपासा. पेशी वाढवताना घातलेलं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नीट न धुता संसर्ग करणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. साल्मोनेलाचा एसएल१३४४ हा प्रकार स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही म्हणून काहीजण निर्धास्त राहतात, पण सोबतचं पेनिसिलिन त्यालाही त्रास देतं.

दोन कंट्रोल कायम ठेवा. पेशी नसलेल्या खळग्यात जिवाणू आणि जेंटामायसिन, इथे वसाहती शून्याजवळ हव्यात. दुसरा, फक्त जिवाणू पेशी फोडायच्या द्रावणात तेवढाच वेळ. इथे संख्या घटली तर द्रावणच त्यांना मारतंय.

आणखी एक चूक शोधनिबंधांतही दिसते. ऑटोफॅजी नसलेल्या पेशी संसर्गाने लवकर मरत असतील तर त्यांची पटलं फुटतात, जेंटामायसिन आत जातं आणि जिवाणूंचा आकडा खाली येतो. खरं तर तिथे जिवाणू जोमाने वाढत होते! त्याच प्लेटमधल्या माध्यमात एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं विकर, मोजा म्हणजे किती पेशी मेल्या ते कळेल.

१०. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखायच्या चाचणीत) एलसी३-दोनची पट्टी गडद आली. ऑटोफॅजी वाढली असं लिहू का?

एवढ्यावर नाही. एलसी३-एक हे मोकळं रूप, एलसी३-दोन हे पटलाला जोडलेलं. एलसी३-दोन ऑटोफॅगोसोमच्या पटलावर बसतं आणि आतल्या बाजूचं लायसोसोममध्येच पचतं. पट्टी गडद होण्याची कारणं दोन असू शकतात. जास्त पिशव्या बनताहेत, किंवा बनलेल्या पिशव्या रिकाम्या होत नाहीत. नळाखालची बादली भरली म्हणजे पाणी जोरात आलं की मोरी तुंबली, हे नुसती बादली बघून सांगता येत नाही. आणि कित्येक जिवाणू नेमकी मोरीच तुंबवतात (प्रश्न ६ मधला स्टॅफिलोकोकस पाहा).

म्हणून चार नमुने लागतात. संसर्ग नसलेले आणि संसर्ग झालेले, दोन्ही बाफिलोमायसिन ए१ सह आणि त्याशिवाय. १०० नॅनोमोलर, शेवटचे दोन तास पुरेत. बाफिलोमायसिनने निचरा बंद होतो, त्यामुळे दोन तासांत किती साचलं ते दिसतं. संसर्ग झालेल्या पेशींत ही साठवण जास्त असेल तर प्रवाह वाढलाय. बाफिलोमायसिनशिवायही तेवढीच पट्टी असेल तर संसर्गानेच निचरा अडवलाय.

तुलना अ‍ॅक्टिनशी करा, एलसी३-एकशी नको. एलसी३-एक नमुना गोठवून वितळवताना लवकर नष्ट होतं आणि बरीच प्रतिपिंडं दोन्ही रूपांना सारख्या ताकदीने धरत नाहीत. जेल १५ टक्के, ब्लॉटचं पटल ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचं पीव्हीडीएफ. ०.४५ छिद्रांच्या पटलातून एवढं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं.

११. एलसी३-दोनला चरबीचा रेणू जोडलेला आहे, म्हणजे ते जड. मग जेलमध्ये खाली का धावतं?

जोडलेल्या फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइनमुळे ते जास्त जलविरोधी होतं, एसडीएस त्याला जास्त चिकटतं आणि त्यामुळे ते वेगाने धावतं. खालची पट्टी दोन, वरची एक.

१२. बाफिलोमायसिन मिळत नाही, क्लोरोक्विन चालेल का?

फक्त ब्लॉटसाठी, संसर्ग नसलेल्या पेशींत, चालतं. जिवाणू मोजायच्या प्रयोगात मात्र सांभाळा. क्लोरोक्विन रिक्तिकेत साचतं आणि जास्त मात्रेत तिथल्या साल्मोनेलाला मारतं. पेशीद्रवातल्या जिवाणूपर्यंत ते तेवढं पोचत नाही.

याच गुणाचा उपयोग करता येतो. एका खळग्यात जेंटामायसिन, दुसऱ्यात जेंटामायसिनसोबत एक तास ४०० मायक्रोमोलर क्लोरोक्विन. पहिला आकडा आतल्या सगळ्या जिवाणूंचा, दुसरा फक्त पेशीद्रवातल्यांचा. वजाबाकी केली की रिक्तिकेतले. आपल्या पेशींसाठी मात्रा आधी तपासून घ्या, कारण सगळ्या पेशी ४०० सहन करत नाहीत.

बाफिलोमायसिनही निर्धोक नाही. ते प्रोटॉन पंप बंद करतं. साल्मोनेलाला रिक्तिकेतल्या आम्लतेवरूनच आपली पुढची जनुकं चालू करायचा इशारा मिळतो. सुरुवातीपासून घातलं तर तुम्ही पेशीसोबत जिवाणूही बदलला. प्रश्न १० मध्ये ‘शेवटचे दोन तास’ म्हटलं ते यासाठीच.

१३. एटीजी५ काढल्यावर जिवाणू वाढले. झेनोफॅजी सिद्ध झाली ना?

अजून नाही. एटीजी५, एटीजी७ आणि एटीजी१६एल१ ही एलसी३ पटलाला जोडणारी मंडळी. झेनोफॅजीलाही ती लागतात आणि प्रश्न ३ मधल्या एलसी३-सहचारी फॅगोसायटोसिसलाही. वेगळं करायचं तर एफआयपी२०० किंवा एटीजी१३ काढून पाहा. दुहेरी पटलाची पिशवी त्यांच्याशिवाय सुरू होत नाही, एकेरी पटलावरच्या एलसी३ला त्यांची गरज नसते. उलट बाजूने रुबिकॉन हे प्रथिन काढलं तर एकेरी प्रकार थांबतो आणि नेहमीची ऑटोफॅजी चालू राहते. शेवटचा निवाडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, पटल एक की दोन ते मोजायचं.

क्षयाच्या संशोधनाला याचा मोठा फटका बसला. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल (रक्तातल्या दुसऱ्या प्रतिकारपेशी) यांच्यात एटीजी५ नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात, म्हणून झेनोफॅजीच त्यांना वाचवते असं मानलं गेलं. २०१५ साली एटीजी७, एटीजी१४, एटीजी१६एल१ अशी एकेक जनुकं काढलेल्या उंदरांत तेवढा परिणाम दिसला नाही. एटीजी५चं काहीतरी वेगळं काम न्यूट्रोफिलमध्ये होतं. पण म्हणून विषय संपला नाही. २०२३ साली माणसाच्या स्टेम पेशींपासून बनवलेल्या मॅक्रोफेजमध्ये एटीजी७ किंवा एटीजी१४ काढल्यावर क्षयाचे जिवाणू जास्त वाढलेले दिसले. उंदीर आणि माणूस यांत फरक आहेच. उंदराचं एनडीपी५२ तोकडं आहे आणि प्रश्न ४ मधलं काम तिथे त्याला तसं जमत नाही.

१४. क्षयाच्या जिवाणूवर आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करता येईल का?

जिवंत, रोगकारक मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसला जैवसुरक्षा पातळी ३ची, म्हणजे जास्त कडक सुरक्षेची, प्रयोगशाळा लागते. पातळी २ असेल तर बीसीजी किंवा मायकोबॅक्टेरियम मरिनम घ्या. फाटलेल्या रिक्तिकेचा अभ्यास करायचा असेल तर मरिनम बरं, कारण पटल फोडणारी ईएसएक्स-१ यंत्रणा त्याच्यात आहे आणि बीसीजीत ती हरवलेली आहे. साल्मोनेला टायफिम्युरियमलाही पातळी २च. जनुकबदल केलेला जिवाणू असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. पेशींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातलं भांडार आणि जिवाणूंसाठी चंदीगडचा एमटीसीसी संग्रह, दोन्हींकडे रीतसर मागणी करता येते.

१५. एकाच जिवाणूवरचे दोन शोधनिबंध उलट निष्कर्ष देतात. कोणावर विश्वास ठेवायचा?

बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतात, जिवाणूचा प्रकार वेगळा असतो. गट-अ स्ट्रेप्टोकोकसच घ्या. प्रश्न २ मधला प्रकार ऑटोफॅगोसोममध्ये सापडून मरतो. जगभर पसरलेला एम१टी१ हा प्रकार सापडत नाही, कारण त्याचं एसपीईबी हे प्रथिनं कापणारं विकर पेशीद्रवातच पी६२, एनडीपी५२ आणि एनबीआर१ या जोडप्रथिनांचे तुकडे करतं. एसपीईबी काढलेला एम१टी१ पुन्हा पकडला जातो.

त्यामुळे निबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. जिवाणूचा नेमका प्रकार कोणता, पेशी कोणत्या, एका पेशीमागे किती जिवाणू, कोणत्या तासाला मोजणी केली, बाफिलोमायसिनचा कंट्रोल आहे का. आपल्या वहीतही प्रत्येक प्रयोगापुढे हेच लिहा, ‘साल्मोनेला’ एवढंच लिहून सोडू नका.